थंड लोखंड

रेनिक गावात हिवाळ्यात दर दुसऱ्या शनिवारी दुपारी दोन वाजता सिनेमा असे, आणि तो विनी ऑर्ड दाखवत असे. नोव्हेंबरात सुरू, मार्चअखेर बंद. एप्रिल लागला की खेकड्यांचे दिवस, मग हेरिंग माशांचे, तेव्हा खुर्चीत बसून पडद्याकडे बघायला सवड कोणाला? हिवाळ्यात मात्र समुद्रच माणसाला घरी बसवतो. आणि घरी बसलेला कोळी बायकोला किती नकोसा होतो, ते कळायला रेनिकलाच यावं. म्हणून हा सिनेमा. तोही दुपारी, कारण पहाटे होडी काढणारा माणूस संध्याकाळी सातला घोरायला लागतो.

सिनेमाचं यंत्र आधीच्या पाद्रीबुवांचं होतं. ते बदली होऊन गेले आणि यंत्र गावच्या हॉलच्या कपाटात राहिलं. विनीने ते बाहेर काढलं, पुसलं आणि पुस्तक समोर ठेवून शिकून घेतलं. तेव्हा गावाने नाकं मुरडली होती. शिंपले सोलणाऱ्या हातांना असली नाजूक फिल्म कशी ओवता येणार?

"रोज सातशे गळांना आमिष लावते मी," विनी म्हणाली होती. "ह्याला तर ओवायला एकच वाट आहे."

त्याला सहा हिवाळे झाले. एकही शनिवार चुकला नव्हता. विनीला त्याचा अभिमान होता, आणि तो ती लपवतही नसे.

त्या वर्षी, म्हणजे महायुद्ध संपून बारा वर्षं झाली त्या हिवाळ्यात, नाताळाच्या आधी वारा आग्नेयेला फिरला आणि तिथेच ठाण मांडून बसला. सहा आठवडे एकही होडी पाण्यात गेली नाही. लाटा थेट होड्यांच्या ओळीपर्यंत यायच्या. माणसं सकाळी उठून कड्यावर जायची, बघायची, थुंकायची आणि घरी यायची. विनीचा नवरा सेल्बी आणि त्याचा मोठा भाऊ लान्स यांची एक होडी होती, आईच्या नावाची, इझाबेला. दोघांनी मिळून तिला त्या सहा आठवड्यांत दोनदा रंग दिला. तिसऱ्यांदा द्यायला रंग उरला नाही.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात वायुदाबमापकाचा काटा वर, म्हणजे उघाडीकडे, सरकायला लागला. शुक्रवारी तो इतका चढला की सगळ्या बायका टोपल्या घेऊन खडकांकडे निघायच्या तयारीला लागल्या. तीनला भरपूर ओहोटी होती. शनिवारी सिनेमा, रविवारी कामाला सुट्टी. मंगळवारी होड्या काढायच्या तर सोमवारी गळ भरायला हवेत, आणि गळ भरायचे तर आमिषाचे काळे शिंपले आजच काढायला हवेत.

नेमका त्याच दुपारी सिनेमाचा डबा आला. येतो बुधवारी, पण न्यूकॅसलची गाडी बर्फात अडकली होती. डब्यात चिठ्ठी होती की मागितलेला विनोदी सिनेमा दुसरीकडे गेला आहे, त्याऐवजी हा पाठवतो आहोत. नाव 'वारस'. एका शेतावरच्या कुटुंबाची हसरी गोष्ट. चार रिळं.

विनी कुठलाही सिनेमा आधी स्वतः पाहिल्याशिवाय लावत नसे. मध्येच जोड तुटला तर शोभा व्हायची. हॉलमध्ये अंगावर कोट तसाच ठेवून तिने पहिलं रीळ चालवलं. म्हातारा शेतकरी, त्याची भांडखोर मुलं, गोड नात. बरं होतं. दुसरं रीळ निम्मं झालं आणि म्हाताऱ्याने गोठ्यामागचं दार उघडलं. विनीने यंत्र थांबवलं.

इथे एक गोष्ट सांगून टाकली पाहिजे. रेनिकमध्ये एका प्राण्याचं नाव घेत नाहीत. नाक बसकं, शेपटीला वेटोळं, चिखलात लोळतो, तोच. त्याचे खारवलेले काप सकाळी परतून खातात, त्याची चरबी पावाला लावतात, त्याबद्दल कोणाची काही तक्रार नाही. पण नाव नाही. 'ती वस्तू' म्हणायचं. कोळ्याच्या कानावर ते नाव पडलं किंवा ती वस्तू वाटेत आडवी आली तर लगेच थंड लोखंडाला हात लावायचा. लावला की निभावतं. नाही लावला तर त्या माणसाने पाण्यात जायचं नाही आणि त्याच्याबरोबर दुसऱ्या कोणी बसायचं नाही. लोखंड थंडच पाहिजे, शेगडीचं तापलेलं चालत नाही. हसणाऱ्याने खुशाल हसावं. मी त्या गावात एकवीस वर्षं काढली आहेत, आणि ते नाव इथे लिहायला माझा हात धजत नाही.

विनीने दुसरं रीळ परत फिरवून मोजलं. वस्तू तीनदा दिसत होती आणि एकदा नाव घेतलं जात होतं. तिने बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापला. भिंगापुढे धरला की पडदा काळा. नावाच्या जागी आवाजाची खुंटी पिळायची. चुकू नये म्हणून त्या त्या जागेच्या थोडं अलीकडे तिने रिळाच्या वेटोळ्यात कागदाचे कपटे खोचून ठेवले. कपटा उडाला की पुठ्ठा पुढे. तोवर बाहेरून जाऊबाईंची, लान्सच्या बायकोची, हाक आली. टॅमरचा आवाज गावभर ऐकू जायचा.

"विनी! ओहोटी काय तुझ्यासाठी थांबून राहणार आहे का गं?"

दोन रिळं बघायची राहिली. पुढे मुलांची भांडणं मिटत असतील, कोणाचं लग्न लागत असेल, असा विचार करून विनीने डबा बंद केला.

खडकांवर गुडघाभर पाण्यात ती शिंपले खरवडत होती तेव्हा सेल्बी टोपली उचलायला आला. तिने त्याला सांगितलं.

"किती वेळा आहे?" सेल्बीने विचारलं.

"तीनदा. झाकीन म्हणतेय."

"मग झाक आणि मोकळी हो."

"की शनिवार रद्द करू?"

सेल्बी टोपली खांद्यावर घेऊन जरा थांबला. तो मुळात हसऱ्या तोंडाचा माणूस, पण सहा आठवड्यांत त्याचा चेहरा ओल्या पोत्यासारखा झाला होता. "सहा आठवडे ह्या गावात कोणी हसलेलं नाही, विनी," तो म्हणाला. "दाखव तू."

शनिवारी सकाळी अंगणात शिंपले निवडताना विनीच्या सुरीचं टोक मोडलं. सेल्बीने खिशातली स्वतःची सुरी काढून दिली. ती सुरी कधी त्याच्या खिशाबाहेर राहत नसे. विनीने काम झाल्यावर ती पुसून एप्रनच्या खिशात टाकली आणि हॉल उघडायला पळाली.

हॉल लाकडी होता, भिंतीही लाकडी. खुर्च्या मात्र लोखंडी पायांच्या. जवळची लष्करी छावणी बंद झाली तेव्हा मिळालेल्या. दोनच्या आत सगळ्या भरल्या. ओल्या लोकरीचा आणि तंबाखूचा वास सुटला. शाळेच्या थर्लवेल बाई उशिरा आल्या. बाई आतल्या डोंगराळ भागातल्या, गावात येऊन दोन वर्षंच झालेली. त्यांना खुर्ची उरली नाही. सेल्बी उठला.

"बसा बाई. आम्हाला काय, होडीत उभं राहायची सवय आहे."

तो मागे दाराजवळ भिंतीला टेकून उभा राहिला. पायात रबरी बूट होते, कारण तो होडीवरूनच आला होता. हे सगळं विनीला नंतर आठवलं. एकेक करून, नको असताना आठवलं.

पहिलं रीळ छान गेलं. दुसऱ्यात पहिला कपटा उडाला, विनीने पुठ्ठा धरला, पडदा काळा झाला. हॉलमध्ये कोणीतरी खाकरलं. का झाकलंय ते सगळ्यांना कळलं. पुढच्या खुर्चीतून लान्सने मान वळवून विनीकडे बघितलं आणि टोपीला हात लावला. लान्स बोलून आभार मानणाऱ्यातला नव्हता. विनीला बरं वाटलं. तीनदा झाकलं, एकदा आवाज बंद केला. मग चहा झाला, आणि तिसरं रीळ लागलं.

तिसऱ्या रिळात म्हातारा मेला. वकिलाच्या खोलीत सगळी मुलं काळे कपडे घालून बसली. विनी खाली वाकून दुसरं रीळ डब्यात घालत होती. तेवढ्यात दाराजवळून हसू आलं. खदखदून, पोट धरून हसलेलं हसू. ते कोणाचं हे ओळखायला तिला मान वर करावी लागली नाही. अकरा वर्षांपूर्वी त्याच हसण्यावर भाळून तिने लग्न केलं होतं.

तिने वर बघितलं. पडदाभर ती वस्तू. खुर्चीत बसलेली, गळ्यात रुमाल बांधलेला, डोक्यावर म्हाताऱ्याची टोपी. सगळं शेत म्हाताऱ्याने तिच्या नावावर केलं होतं.

पुठ्ठा टेबलाखाली पडला होता. विनीने नुसता हातच भिंगापुढे घातला. पडद्यावर तिची बोटं उमटली, शिंपल्यांनी चिरलेली, चिंध्या गुंडाळलेली, प्रत्येक बोट माणसाएवढं. पण बोटांच्या फटींतून टोपी दिसतच राहिली. दुसऱ्या हाताने ती खुंटी शोधत होती, आणि ती सापडायच्या आत सिनेमातल्या नातीने हाक मारली. नावाने. एकदा, दोनदा, तीनदा.

सगळा हॉल एकदम खाली वाकला. साठ-सत्तर माणसं, म्हाताऱ्यांसकट, आपापल्या खुर्चीचा पाय धरायला. बाकावरची पोरं एकमेकांच्या बुटांचे खिळे धरू लागली. फक्त थर्लवेल बाई ताठ बसून, काय हरवलं म्हणून इकडे तिकडे बघत होत्या. आणि त्या सगळ्या वाकलेल्या पाठींच्या वर एकच माणूस सरळ उभा होता. लाकडी भिंतीला टेकून, डोळ्यांतलं पाणी पुसत, हसत. त्याला पडद्याखेरीज काही दिसतच नव्हतं. सहा आठवडे तुंबलेलं हसू होतं ते.

खुर्चीचा पाय धरूनच लान्सने मागे वळून बघितलं.

रविवारी प्रार्थना झाल्यावर लान्स सेल्बीबरोबर चालत घरी आला नाही. टॅमरने विनीला नमस्कार केला, पण बोलली हवेबद्दल. हवा सुंदर होती. समुद्र इतका शांत होता की विनीला त्याचा राग आला.

सोमवारी पहाटेपासून विनी अंगणात गळ भरायला बसली. एकेक शिंपला उघडायचा, मांस काढायचं, गळात दोनदा ओवायचं, दोरी टोपलीत गोल रचायची, थर झाला की वर वाळकं गवत, मग दुसरा थर. गवत नीट बसलं नाही तर होडीत दोरी सोडताना गळ एकमेकांत अडकतात. पहिली टोपली दुपारपर्यंत झाली. दुसरी निम्म्यावर आली तेव्हा पाठ सरळ होईना आणि बोटं कुठली, शिंपला कुठला, हे हाताला कळेना. सेल्बी तिच्या शेजारी बसून सोलून देत होता. बायकांचं काम म्हणून इतर पुरुष हात लावत नाहीत. सेल्बी लावायचा.

तीनला लान्स फाटकाशी आला. आत आला नाही.

"उद्या मी येत नाही," तो म्हणाला.

"पाठ धरली का?" विनीने विचारलं. काय ते तिला कळलं होतं, तरी विचारलं.

"पाठ बरी आहे."

सेल्बीने शिंपला खाली ठेवला. "शनिवारचं का?"

"तू हसलास, सेल्बी."

"अरे, हसायलाच तर आलो होतो सगळे!"

"सगळे वाकले. तू हसलास."

"मग आत्ता लावतो हात. हा घे." सेल्बीने कोपऱ्यातल्या, होडीच्या लोखंडी नांगरावर पंजा आपटला. "झालं?"

"ते तेव्हा करायचं असतं," लान्स म्हणाला. तो रागात नव्हता. रागात असता तर विनी त्याच्याशी भांडली असती. "बाबा पन्नास वर्षं समुद्रात गेले आणि शेवटी अंथरुणात मेले. एकदाही लोखंड चुकवलं नाही त्यांनी, तुलाही माहीत आहे."

विनी उठली. गुडघे कुरकुरले. "लान्स, चूक माझी आहे. पुठ्ठा माझा पडला. त्याची सुरी माझ्या खिशात होती, नाहीतर लोखंड त्याच्याजवळच होतं. मी दोन रिळं बघितली नाहीत. मला बोल काय बोलायचं ते."

"तुला कोण बोलतंय? तू कुठे होडीत बसतेस?"

"अरे, सहा आठवड्यांनी समुद्र उघडलाय. हा बघ ढीग. परवापर्यंत नासेल सगळं. दुसरं कोणी त्याच्याबरोबर येईल?"

"मी येत नाही म्हटल्यावर कोण येणार?" लान्सने टोपी काढली आणि परत घातली. "होडी ने, सेल्बी. निम्मी तुझी आहे. मी अडवणार नाही. पण जाऊ नकोस. मार्चपर्यंत थांब. मग बघू."

तो गेला. विनी त्याच्या मागोमाग त्याच्या घरी गेली, आमिषाने बरबटलेले हात घेऊनच. टॅमरने तिला आत बसवलं, चहा दिला, तिच्या बोटांना नवी चिंधी बांधून दिली आणि रडली. पण नवऱ्याला काही सांगायला ती तयार होईना. "मला तीन पोरं आहेत गं," एवढंच ती दोनदा म्हणाली. विनी चहा अर्धाच टाकून उठली. शिव्या घालायला एखादं वाईट माणूस तरी हवं होतं.

परत आली तर दारात थर्लवेल बाई, हातात केक.

"मिसेस ऑर्ड, मला आत्ता शाळेतल्या मुलांनी सांगितलं. मला काही कल्पनाच नव्हती हो! माझ्या खुर्चीमुळे हे झालं. मी मिस्टर लान्सशी बोलू का? म्हणजे अहो, ह्या काळात, एका साध्या—" आणि बाईंनी ते नाव घेतलं. स्वच्छ, शाळेत घेतात तसं.

सेल्बी खुर्चीतून उडाला. खुर्ची आडवी झाली. दाराच्या लोखंडी कडीवर त्याने झडप घातली आणि ती मुठीत धरून तो उभा राहिला. बाई माफी मागत होत्या, परत मागत होत्या, केक कुठे ठेवू विचारत होत्या. त्या निघून गेल्या तरी त्याने कडी सोडली नाही. शनिवारी हसणारा हाच माणूस का, असं विनीच्या मनात आलं, आणि तिला भीती वाटली. समुद्राचं भय तिला लग्नापासून होतं, ती सवयीची गोष्ट होती. हे भय निराळं होतं.

"नको जाऊस उद्या," ती म्हणाली.

"मग लान्स म्हणतो ते खरं झालं."

"होऊ दे की खरं."

"आणि हे चौदाशे गळ? ह्या तुझ्या हातांनी भरलेले?" तो म्हणाला, आणि राहिलेली टोपली पुढे ओढून बसला.

मंगळवारी सकाळी सातला सगळं गाव वाळूवर होतं. होड्या पाण्यात लोटायला बायका कमरेपर्यंत शिरतात, विनीही शिरली. थंडीने आधी पाय दुखतात, मग पाय असल्याचंच कळत नाही. इझाबेलाच्या दुसऱ्या बाजूला कोणाचा तरी खांदा लागला. लान्स होता. त्याने जोर लावून होडी लोटली, वल्हं हातात दिलं, भावाच्या पायाखालची दोरी सोडवली. सगळं केलं. फक्त चढला नाही.

"मी येते," विनी एकदम म्हणाली. तिने होडीच्या कडेवर हात टाकला. "दोरी ओढीन. मला येते ओढायला."

सेल्बीने तिचा हात हळूच सोडवला. "बाई होडीत? गावाला आता तेवढंच बघायचं राहिलंय." तो हसायला गेला, पण ते जमलं नाही. "माझी सुरी दे."

तिने एप्रनमधून काढून दिली.

सात होड्या गेल्या. सहांत तीन-तीन, दोन-दोन माणसं, सातवीत एक. विनी ओल्या कपड्यांनी कड्यावर उभी राहिली. घरी जाऊन कपडे बदल, असं टॅमर तीनदा येऊन सांगून गेली. गळांची दोरी सोडायला एकटा माणूस पुरतो. ओढायला पुरत नाही. एकाने दोरी ओढायची, मासे काढायचे, आणि दुसऱ्याने होडी दोरीच्या तोंडावर धरून ठेवायची, नाहीतर पाणी तिला आडवी करतं. हे विनीला माहीत होतं, कड्यावर उभ्या प्रत्येकाला माहीत होतं.

अकराच्या सुमारास पाणी लांबून फुगून येऊ लागलं. वारा नव्हता, नुसतं फुगणं. सहा होड्या एकामागून एक आल्या. भरून आल्या होत्या. मांडीएवढाले कॉड मासे, हॅडॉकच्या पेट्या. वाळूवर आरडाओरडा झाला, कोणी शिट्टी मारली, आणि मग इझाबेला अजून बाहेर आहे हे आठवून सगळ्यांच्या माना समुद्राकडे वळल्या.

दोनला ती आली. सेल्बी उभा होता. विनीला आधी तेवढंच दिसलं आणि तेवढंच पुरे वाटलं. ती कड्यावरून खाली वाळूवर धावली. माणसं न सांगता पाण्यात शिरली, लान्स सगळ्यांच्या पुढे. त्यांनी होडी ओढून वर घेतली, सेल्बीला काखेत धरून उतरवलं, कोणी त्याच्या तोंडाला गरम चहा लावला. त्याच्या तळहातांची सालं निघाली होती. दोरी मांसात उतरल्याचे लाल पट्टे दिसत होते.

मग लान्सने होडीत वाकून बघितलं. दोन रिकाम्या टोपल्या. थोडं वाळकं गवत. तळाला नऊ-दहा मासे. दोऱ्या नव्हत्या.

"खडकात अडकली," सेल्बी म्हणाला. दात वाजत होते. "ओढत होतो तर होडी आडवी झाली. धरू कशी? दोनच हात. पाणी आत आलं. मग कापली. एक कापली, मग दुसरीला गेलो, ती पण..." त्याने उजवा हात वर केला. सुरी अजून मुठीत होती. बोटं उघडत नव्हती.

लान्स भावाजवळ आला. एकेक बोट सोडवून त्याने सुरी काढून घेतली, मिटली आणि भावाच्या खिशात घातली. "बघ," तो हळूच म्हणाला. "म्हटलं होतं ना मी?"

विनी मग किंचाळलीच. "एकटा होता म्हणून झालं! एकटा होता म्हणून! दुसरं माणूस असतं तर कापावी लागली असती का? तू असतास तर? सांग ना, लान्स!"

"मी नव्हतो," लान्स म्हणाला. "का नव्हतो?"

ती उत्तर द्यायला गेली. उत्तर होतं, सरळ होतं, पण ते जिथून सुरू करावं तिथून फिरून ती परत हॉलमध्येच यायची, त्या हसण्यापाशी. तिने आजूबाजूला बघितलं. सगळी तिचीच माणसं. सगळ्यांच्या डोळ्यांत दया होती, खरीखुरी, आणि सगळ्यांना पटलेलं होतं. तिने सेल्बीकडे बघितलं. तू तरी बोल, म्हणून.

सेल्बी वाळूकडे बघत होता.

"त्याचं बरोबर आहे, विनी," तो म्हणाला.

दोऱ्या पुन्हा करायच्या तर उन्हाळा उजाडणार होता. हॅरी डग्लसच्या होडीवर एकाचा पाय मोडला, त्या जागी लान्स जाऊ लागला. त्याच्या वाट्यातले दोन मासे टॅमर रोज विनीच्या पायरीवर फडक्यात गुंडाळून ठेवून जायची. विनी ते शिजवायची. काय करणार? सेल्बी ओहोटीला खडकांवर विकायच्या गोगलगाई वेचायला जाऊ लागला. ते काम म्हाताऱ्या विधवा करतात. पहिल्या दिवशी त्या म्हाताऱ्यांनी आपल्यातली बरी जागा त्याला दिली, आणि तो ती घेऊन, पाठ वाकवून, सगळ्यांच्या मध्ये वेचत बसला. समुद्राकडे तोंड करून नव्हे, गावाकडे करून.

दोन शनिवारांनी पुढचा सिनेमा आला. वेळेवर, बुधवारी. विनीने चारही रिळं दोन-दोनदा बघितली. एका सर्कसवाल्याची गोष्ट होती, एकही जनावर नसलेली सर्कस. हसून हसून मुरकुंडी वळावी असा सिनेमा होता, आणि विनी रिकाम्या हॉलमध्ये एकदाही हसली नाही. तो लावावा की नाही, असं तिला वाटून गेलं. पण सहा वर्षांत शनिवार चुकला नव्हता. आणि मनातून तिला वाटत होतं की सेल्बी हसेल.

तो सगळ्यांच्या आधी आला. खुर्च्या मांडायला त्याने मदत केली. मग मधल्या रांगेतली एक निवडली, उलटी करून तिचे पाय बघितले, आणि बसला. थर्लवेल बाई आल्या, जागा शोधत त्याच्यापाशी थांबल्या. तो उठला नाही. दुसऱ्या कोणीतरी खुर्ची दिली.

दिवे गेले. पहिल्या पाच मिनिटांतच हॉल हसायला लागला. टॅमर हसली. डग्लसची माणसं हसली. लान्सही हसला, कोरडं, खोकल्यासारखं, पण हसला. यंत्राच्या प्रकाशाच्या पट्ट्यात विनीला सगळ्यांच्या पाठी दिसत होत्या, हलत होत्या. एक पाठ हलत नव्हती. ती एका अंगाला वाकलेली होती, उजवा हात खाली सोडून. मुठीत खुर्चीचा पाय.

पहिलं रीळ संपलं, दुसरं लागलं. चहा झाला. चहाचा कप त्याने डाव्या हातात घेतला. तिसरं लागलं, चौथं लागलं. सर्कसवाला पिपात पडला, पिपासकट घरंगळत चर्चमध्ये शिरला, पोरं बाकांवरून खाली पडली. विनी पडद्याकडे बघत नव्हती. एकदा तरी, देवा, असं ती मनात म्हणत होती. हात नाही सोडला तरी चालेल, नुसतं हसू दे.

साडेचारला दिवे लागले. माणसं डोळे पुसत उठली, मस्त होता गं विनी, असं म्हणत गेली. सेल्बी शेवटी उठला. त्याने खुर्च्या घडी करून भिंतीला लावल्या, रिळांचा डबा उचलला. दोघं बाहेर आली. बाहेर अजून उजेड होता, समुद्र राखाडी आणि सपाट.

"कसा वाटला?" विनीने विचारलं.

"चांगला होता," सेल्बी म्हणाला.

"तो पिपात पडतो ते?"

तो चालता चालता थांबला. आठवायचा प्रयत्न केला, खरोखर केला. "पिपात कोण पडतो?" त्याने विचारलं.

विनीने डबा त्याच्या हातून घेतला आणि त्याचा उजवा हात आपल्या हातात धरला. दोरीचे पट्टे भरून आले होते. त्यांच्यावर आडवा, नवा, खुर्चीच्या पायाचा वळ उमटला होता, आणि हात बर्फासारखा गार होता.